गाव संमेलनाला येतं, बैठकीला का येत नाही? एका दोनशिक्षकी शाळेतल्या मॅडमना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत आहे. पहिली ते चौथी, पट चाळिशीच्या आत. स्नेहसंमेलनाला अख्खी वाडी लोटते, पण शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीच्या सह्या घरोघर जाऊन आणाव्या लागतात. शेजारच्या गावातल्या इंग्रजी शाळेची गाडी दारापर्यंत येते, त्यांचे फ्लेक्स चौकात झळकतात. सरपंच म्हणतात, आपल्या पोरांच्या यशाचेही फ्लेक्स लावू. गाव शाळेशी जोडायचं कसं आणि मुलांचं यश दाखवायचं कसं?"

मॅडम, तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण दोन्हीचं उत्तर एकच आहे, म्हणून एकत्रच लिहितो.

संमेलनाला आलेल्या माणसाला आपण काय करायचं हे ठाऊक असतं. बसायचं, बघायचं, आपलं पोरगं स्टेजवर आलं की पन्नास-शंभराची नोट द्यायची आणि माइकवरून स्वतःचं नाव ऐकायचं. बैठकीला आलेल्याला काय काम असतं? मुख्याध्यापक मागचं इतिवृत्त वाचतात, अनुदान किती आलं ते सांगतात आणि रजिस्टर पुढे सरकवतात. दिवसाची मजुरी बुडवून त्यासाठी कोण येईल? मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डी तालुक्यात शिक्षक, मग मुख्याध्यापक आणि शेवटी केंद्रप्रमुख म्हणून नोकरी केली. वाड्यावस्त्यांवरच्या बऱ्याच शाळा पाहिल्या. जिथे गाव खरोखर शाळेत यायचं, तिथे एक गोष्ट हमखास दिसायची: आपल्या पोराला काय येतं हे आईबापाला स्वतः तपासता येत होतं. 'अ-१ श्रेणी' हे त्यांना तपासता येत नाही. ढाल आणि प्रमाणपत्रही नाही. पण डेअरीची पावती तपासता येते.

आमच्याकडे घरटी एखादी-दुसरी गाय असतेच. सकाळ-संध्याकाळ दूध घातलं की डेअरीतून चिठ्ठी मिळते: तारीख, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम. दहा दिवसांनी पगार होतो. एका शाळेत आम्ही तिसरी-चौथीच्या पोरांना सांगितलं, घरच्या दहा दिवसांच्या चिठ्ठ्या दोऱ्यात ओवून आणा. पोरांनी आधी त्या नुसत्या वाचल्या. मग लिटरला दरानं गुणलं. दशांश चिन्ह चौथीला जड जातं, पण 'साडेचार लिटर, बत्तीस रुपयांनी' हे पोरं तोंडी करतात: बत्तीस चोक एकशे अठ्ठावीस आणि अर्ध्याचे सोळा, झाले एकशे चव्वेचाळीस. सगळ्या चिठ्ठ्यांची बेरीज करून ती घरी पगाराशी ताडून बघायची, एवढाच गृहपाठ. एका मुलीच्या हिशेबात आणि घरी आलेल्या पैशांत फरक पडला. तिचा बाप चिठ्ठ्यांचा जुडगा घेऊन शाळेत आला आणि 'गुरुजी, बेरीज पोरीची चुकली का डेअरीची?' असं विचारून ओट्यावर बसला. बेरीज बरोबर होती, पशुखाद्याच्या पोत्याची कपात तिला माहीत नव्हती. त्या माणसाला त्याआधी मी शाळेच्या फाटकात कधी पाहिलं नव्हतं. नंतर तो समितीचा अध्यक्ष झाला आणि दर बैठकीत पोरांच्या वह्या मागायचा.

ज्या वाडीत डेअरी नाही तिथे रेशनची पावती आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयाला कार्डामागे ३५ किलो. सहा माणसांच्या घराला किती धान्य यायला हवं, हे दुसरी-तिसरीचं पोरगं सांगू शकतं. (एका गावात पोरांचा हा हिशेब सुरू झाल्यावर दुकानदार माझ्याशी भांडायला आला होता. मी त्याला चहा पाजला आणि पाढा म्हणून दाखवायला सांगितला.) एसटीचं तिकीट, लाइटबिल, औषधाच्या बाटलीवरची एक्स्पायरी अशा घरात येणाऱ्या कुठल्याही कागदावर हे चालतं. निरक्षर आजीला पोरगं वाचतंय का, हे पुस्तकावरून कळत नाही. पोरानं धडा पाठ म्हटला तरी तिला ते वाचनच वाटतं. तिच्या हातातली नवी चिठ्ठी त्यानं वाचली आणि त्यातला आकडा खरा निघाला, की तिची खात्री पटते.

दुसरी गोष्ट पावसाची. ही मला सगळ्यात जास्त आवडते आणि तिला खर्च जवळजवळ शून्य आहे. सरळ भिंतींचा एक डबा घ्या, म्हणजे तोंड आणि बूड सारख्या व्यासाचं. शाळेच्या आवारात झाड-भिंतीपासून लांब, मोकळ्या जागी पक्का बसवा. सकाळी साडेआठला आत साचलेल्या पाण्यात पट्टी उभी धरायची, जितके मिलिमीटर पाणी तितका पाऊस. हवामान खात्याचीही चोवीस तासांची नोंद साडेआठलाच होते. शाळा नऊनंतर भरते, म्हणून हे काम जवळच्या घरातल्या दोन पोरांना द्या, रविवारीही त्यांनाच सांभाळू द्या. आकडा रस्त्याच्या बाजूच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचा: आजचा पाऊस, या महिन्याचा, १ जूनपासूनचा.

पाथर्डीसारख्या तालुक्यात पाऊस हा सगळ्यांच्या तोंडी असलेला विषय. आठ दिवसांत माणसं मोटारसायकल थांबवून फळा वाचायला लागतात. महसूल मंडळात (म्हणजे काही गावांच्या गटात) चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला की अतिवृष्टी धरतात, आणि मंडळाचं पर्जन्यमापक असतं दहा-बारा किलोमीटरवर. तिकडे कोरडं आणि इकडे ओढा फुटलेला, हे दरवर्षीचं. शाळेच्या डब्याची नोंद सरकारदरबारी चालत नाही, हे गावाला स्पष्ट सांगा, नाहीतर नसत्या अपेक्षा वाढतात. पण चौथीच्या पोरांनी जूनपासून लिहिलेली वही ग्रामसभेत कुणीतरी वर करून दाखवतं, तेव्हा त्या पोरांचं जे होतं ते कुठल्याही ढालीनं होत नाही. त्याच फळ्याच्या उरलेल्या भागावर रोज एका मुलानं स्वतःच्या हातानं चार ओळी लिहायच्या. शुद्धलेखन तुम्ही आधी तपासा, मजकुराला मात्र हात लावू नका. 'काल आमची शेळी व्याली, दोन पिल्लं, एक काळं' हे गाव वाचतं. सुविचार कुणी वाचत नाही.

आनंदी बाजार, म्हणजे पोरांनी माल विकायचा शाळेतला बाजार, तुमच्याकडेही होत असेल. बहुतेक ठिकाणी तो फोटोपुरता उरला आहे. आई माल करून देते, आईच शेजारी बसून विकते आणि पाहुणे वीस रुपयांच्या भेळेला पन्नासची नोट देऊन 'राहू दे बाळा' म्हणतात. त्या 'राहू दे'नं सगळं गणित मातीत जातं. आम्ही दोन नियम केले होते आणि ते फाटकावर लिहून ठेवायचो. मोठ्यांनी पैशाला हात लावायचा नाही, आणि सुटे परत घेतल्याशिवाय गिऱ्हाइकानं हलायचं नाही. मग खरी मजा येते. दुसरीतली एक मुलगी पंधरा रुपयांना शेंगदाण्याचे लाडू विकत होती. पन्नासची नोट आल्यावर वजाबाकी मांडायच्या भानगडीत न पडता तिनं तळहातावर आधी पाचचं नाणं ठेवलं, 'हे वीस', मग दहा-दहाच्या नोटा मोजल्या, 'तीस, चाळीस, पन्नास', आणि हात पुढे केला. ही पद्धत तिला शाळेनं शिकवली नव्हती. बाजारात बसणाऱ्या आजीची ती होती. दुसऱ्या दिवशी वर्गात तिनं ती सगळ्यांना करून दाखवली.

बाजारानंतरचा दिवस बाजाराइतकाच मोलाचा असतो, आणि नेमका तोच सोडला जातो. भांडवल किती, कुणाकडून घेतलं, विक्री किती, उरलेला माल किती, नफा-तोटा काय. आईचे भांडवलाचे पैसे परत करायचे, तिची सही किंवा अंगठा वहीत घ्यायचा. तोटा झालेल्या पोराची वही सगळ्यात आधी वाचायला घ्या. 'सगळ्यांनीच भेळ आणली म्हणून माझी उरली' हे ज्याला कळलं, त्याचा बाजार नफा झालेल्यांपेक्षा चांगला झाला.

आता समिती. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असल्या पाहिजेत, हे त्यात आहे. शाळेचा विकास आराखडा समितीनं करायचा, हेही आहे. कागदावर हे सगळीकडे आहेच. अडतं वेळेवर आणि कामावर. बैठक कधी ठेवायची हे बायकांना विचारा. आमच्याकडे त्यांनी आठवडी बाजारचा दिवस सांगितला, कारण त्या दिवशी मजुरीला खाडा असतो. सकाळी नऊ-साडेनऊला, बाजाराला निघायच्या आधी अर्धा तास. बैठकीत पहिली दहा मिनिटं वह्या पालकांच्या हातात द्या, स्वतःच्या पोराची आणि शेजारच्या पोराचीही. तुलना होते, कुरबुर होते. होऊ द्या.

प्रत्येक सदस्याला बघायला एक ठरलेली गोष्ट द्या. पोषण आहार मुलांना वाढण्याआधी मोठ्यांनी चाखून चव नोंदवहीत लिहायचं असतं. बऱ्याच शाळांत ते शिक्षकच एका बैठकीत आठवड्याभराचं 'चव चांगली' लिहून टाकतात. ती वही आयांकडे पाळीनं द्या. पहिल्या महिन्यात तुम्हाला त्रास होईल, कारण त्या खरं लिहितात. एका आईनं लिहिलं होतं, 'डाळ पातळ, मीठ बरं, पोरं हात न धुता बसली.' स्वयंपाकी बाई चिडल्या, चार दिवस अबोला झाला, पण डाळ घट्ट झाली आणि नळाजवळ साबण आला. एखादी नोंद अशी झाली की समिती जिवंत आहे असं समजा. २०२२ पासून शाळापूर्व तयारीचे 'पहिले पाऊल' मेळावे होतात, त्यांना आया इतक्या उत्साहानं का येतात याचाही विचार करा. तिथे त्यांना भाषण ऐकायचं नसतं. पोराचं बोट धरून एकेका टेबलावर जायचं असतं आणि त्याला काय जमलं, काय नाही, हे समोर बघायचं असतं.

संमेलनाबद्दल फार लिहीत नाही. ते बंद करू नका, गावाचा तो हक्काचा आनंद आहे. फक्त भाड्याचे ड्रेस बंद करा. मजुरी करणाऱ्या घराला तीन-चारशे रुपये एका नाचासाठी घालवावे लागतात आणि ज्याला ते जमत नाही ते पोर त्या दिवशी 'आजारी' पडतं. आणि एक कार्यक्रम गावातल्या म्हाताऱ्यांकडून घ्या. जात्यावरच्या ओव्या म्हणणारी एखादी आजी अजून प्रत्येक वाडीत आहे. पोरांनी तिच्याकडून चार ओव्या उतरवून घ्यायच्या, तिच्याच शेजारी बसून म्हणायच्या. नाचात नेहमी पहिल्या रांगेत असणारी तीच ती पाच पोरं इथे मागे पडतात आणि कधी न बोलणारी पुढे येतात, हा माझा अनुभव आहे.

आता फ्लेक्स आणि बक्षिसं. इथे माझं मत थोडं कडक आहे.

शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली आणि आता पुन्हा चौथी-सातवीला आणायचा निर्णय झाला. म्हणजे तुमच्या चौथीपर्यंतच्या शाळेला ती पुन्हा लागू. दोन पेपर, ३०० गुण: भाषा-गणित आणि इंग्रजी-बुद्धिमत्ता. पोरांना बसवा, जरूर तयारी घ्या. बुद्धिमत्तेचे प्रश्न सगळ्याच पोरांना आवडतात, ते फक्त निवडक सहा जणांना जादा तासात देऊ नका, सगळ्या वर्गाला द्या. नवोदयचं, म्हणजे केंद्राच्या निवासी विद्यालयाचं, गणित वेगळं. पाचवीतल्या मुलानं द्यायची परीक्षा, ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास, आणि एका विद्यालयात सहावीच्या जागा जास्तीत जास्त ८०, त्याही अख्ख्या जिल्ह्यासाठी. जे पोर लागतं त्याचं घर पालटतं, खरं आहे. पण ज्या परीक्षेत बसलेल्यांपैकी बहुतेकांना जागा मिळूच शकत नाही, तिच्यावर शाळेची पत ठरवली तर उरलेल्या पोरांना आपण दरवर्षी नापास करत असतो.

म्हणून सरपंचांना नम्रपणे सांगा: फ्लेक्स नको. एक तर त्यावर पोरापेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे असतात. दुसरं, चाळीस पोरांच्या वाडीत दोन फोटो लागले की उरलेल्या अडतीस घरांना वेगळा निरोप जातो, आणि इंग्रजी शाळेची गाडी नेमकी त्या अडतीस घरांसमोर थांबते. त्यांना फारच हौस असेल तर त्याच पैशांतून रस्त्याकडेचा तो फळा सिमेंटचा, छपरासह करून द्यायला सांगा. खाली ग्रामपंचायतीचं नाव रंगवा. आपल्याकडे पंख्याच्या पात्यावरही देणगीदाराचं नाव असतं, फळ्यावर असलं तर काय बिघडलं?

बक्षिसांबद्दल एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतली अशी मुलं घेतली की ज्यांना स्केचपेननं चित्रं काढायला मनापासून आवडायचं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत की प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी दिलं. काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात, बक्षिसाचं आमिष नसताना, प्रमाणपत्राच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं त्या पेनांकडे बाकीच्यांच्या निम्म्यानंच वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचा उत्साह मात्र टिकला. मी यावरून बक्षिसं बंद करा म्हणत नाही. बोली लावू नका, एवढंच म्हणतो. 'जो दहा पुस्तकं वाचेल त्याला पेन' असं म्हटलं की पोरं सगळ्यात पातळ दहा पुस्तकं शोधतात.

शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस मात्र आमच्या भागात खरोखरच बंद करायला हवं. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलला परततात. काही पोरं आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधारानं गावात राहतात, काही जातातच. जाणाऱ्याच्या हाती शिक्षण हमी पत्रक (ते दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं) द्या आणि कारखान्याच्या परिसरातल्या शाळेला फोन करा. नुसतं पत्रक दिलं की ते पेटीच्या तळाशी जातं. परत आलेल्या पोराला संमेलनाच्या अल्बममध्ये आपण कुठेच नाही हे दिसतं, वर उपस्थितीचं बक्षीस दुसऱ्याला. त्याचं वाचन मागे गेलेलं असतं, यात गोड मानण्यासारखं काही नाही. तीन-चार आठवडे त्याला रोज अर्धा तास वेगळा द्यावाच लागतो. पण त्याच पोराला मोळी, खेप, टन, उचल (मुकादमाकडून आधी घेतलेले पैसे) हे सगळं तोंडपाठ असतं. एका टनात साधारण किती मोळ्या, एका खेपेत किती टन, कोयत्याला (म्हणजे तोडणाऱ्या जोडीला) दिवसाचे किती पडले, उचल फिटायला किती दिवस, ही उदाहरणं फळ्यावर त्याच्याकडून घ्या. इतर पोरं त्याला विचारायला लागतात. मुकादमानं (टोळी नेणाऱ्यानं) सांगितलेला हिशेब घरी पुन्हा मांडून बघणारी चौथीतली पोरगी मी पाहिली आहे. तिच्या नावाची प्रगतिपुस्तकात 'वर्णनात्मक नोंद' काय होती? 'अनियमित.' ती नोंद बदलणं तुमच्या हातात आहे. काय येतं ते तिथे नेमकं लिहा: 'दोन अंकी गुणाकार तोंडी करते, हिशेब ताडून पाहते.'

पैशांबद्दल दोनच वाक्यं. लोकवर्गणी पहिल्या वर्षी मागू नका, काम मागा, म्हणजे टाकी धुणं, परसबागेला कुंपण, गवंड्याची एक दिवसाची मजुरी. पैसे घेतलेच तर पावती, समितीचं बँक खातं आणि त्याच फळ्यावर जमाखर्च.

पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये टी-फोर एज्युकेशन या आंतरराष्ट्रीय संस्थेचा जागतिक 'कम्युनिटी चॉइस' पुरस्कार मिळाला, तेव्हापासून बरेच जण तिकडे बघायला जातात. तुम्हीही जा. तिथली मुलं एकमेकांना शिकवतात, ते नीट बघा. इमारत बघून हरखू नका. परत येताना वाटेत ठरवा की आपल्या वाडीतलं कुठलं पोर कुणाला काय शिकवू शकेल, आणि सोमवारी दोन जोड्या लावून टाका.

राहिला व्हॉट्सॲप ग्रुप आणि अहवाल. वरून फोटो मागतात, ते द्यावेच लागतात. पण पालकांच्या ग्रुपवर गुण, श्रेणी, 'अभ्यासात मागे असलेले विद्यार्थी' अशी यादी कधीही टाकू नका. मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती हवी, हे २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात आलं आहेच, पण कायदा नसता तरी तेच योग्य. प्रवेशाच्या वेळीच फोटोच्या संमतीचा एक साधा कागद मराठीत करून घ्या. आणि निम्म्या आयांकडे स्वतःचा फोन नसतो हे धरून चाला. ग्रुपवर टाकलेलं बापाला कळतं, आईला नाही. तिच्यासाठी निरोप पोराच्या वहीत, मोठ्या अक्षरात, पोराच्याच हातानं लिहून द्या आणि तिला तो पोराकडून वाचून घ्यायला सांगा.

जूनला अजून वेळ असेल तर सुरुवात रेशन-डेअरीच्या चिठ्ठ्यांपासून करा. डबा मेच्या शेवटी बसवा, म्हणजे मृगाच्या आधी पट्टी धरायची सवय होईल. बाजार दिवाळीच्या आधी घ्या, तोडीला जाणारी पोरं तेव्हा गावात असतात.